विश्लेषण : शिशाचे खिळे, टपाल आणि खंडोखंडीची मुले... शाळांना शाळा जोडणारे सेलेस्तँ फ्रेने कोण होते?

दोन देशांतील वर्ग व्हिडीओ कॉलवर एकमेकांशी बोलतात, एकत्र प्रकल्प करतात, याचे आता नवल राहिलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी मात्र फ्रान्समधील एका खेड्यातल्या शिक्षकाने हेच काम छोटा छापखाना आणि टपाल यांच्या जोरावर सुरू केले. सेलेस्तँ फ्रेने हे त्यांचे नाव. त्यांच्या वर्गातून निघालेली छापील पाने आधी हजार किलोमीटरवरच्या शाळेत पोहोचली आणि पुढे त्यांची पद्धत अटलांटिक ओलांडून गेली. या कामाची किंमत त्यांनी नोकरी आणि स्वातंत्र्य गमावून मोजली. त्यांच्या वाटेने गेलेल्या एका शिक्षकाचा तर जीव गेला. मुलांनी चार ओळी लिहून परगावी पाठवण्यात एवढे धोकादायक काय होते?

खेड्यातला मुलगा शिक्षक कसा झाला?

फ्रेने यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८९६ रोजी फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगरांतील गार या छोट्या गावात झाला. घर शेतकऱ्याचे. शेती, मेंढ्या, ओढे आणि गावातली कष्टाची कामे पाहत ते वाढले. शाळेच्या चार भिंतींत जे शिकवले जाते, त्यापेक्षा गावात मूल कितीतरी जास्त शिकते, ही त्यांची पुढची भूमिका या बालपणातूनच आली.

शिक्षक होण्यासाठी ते नीस येथील अध्यापक विद्यालयात दाखल झाले. पण पहिले महायुद्ध सुरू झाले आणि शिक्षण अर्धवट राहिले. १९१५ मध्ये ते सैन्यात गेले. ऑक्टोबर १९१७ मध्ये शमँ-दे-दामच्या रणभूमीवर त्यांच्या छातीला गोळी लागली आणि फुप्फुसाला इजा झाली. त्या वेळी ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढची काही वर्षे दवाखाने आणि विश्रांती यांतच गेली. शौर्यपदके मिळाली, पण प्रकृती पूर्ववत झाली नाही.

१९२० मध्ये ते बार-सुर-लू या गावच्या प्राथमिक शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या काळची शाळा म्हणजे शिक्षकाने उंच व्यासपीठावरून बोलायचे आणि मुलांनी हाताची घडी घालून ऐकायचे. फ्रेने यांना तासन्‌तास बोलणे झेपत नसे, दम लागे. आपल्या वेगळ्या वाटेचे एक कारण म्हणून ते स्वतः या जखमेकडे बोट दाखवत. शिक्षकाला कमी बोलून वर्ग चालवायचा असेल, तर बोलण्याचे आणि करण्याचे काम मुलांकडे द्यावे लागते. त्यांनी नेमके तेच केले.

शाळेत छापखाना कशासाठी?

फ्रेने मुलांना घेऊन गावात आणि शिवारात फिरायला जाऊ लागले. सुतार, विणकर, शेतकरी यांचे काम मुले जवळून बघत. परत आल्यावर पाहिलेल्या गोष्टी फळ्यावर लिहिल्या जात आणि मुले त्या आवडीने वाचत. मुलांनी वर्गात गोगलगायी आणून त्यांची शर्यत लावली आणि फ्रेने यांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून तीच हकिकत फळ्यावर घेतली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो.

अडचण एकच होती. संध्याकाळी फळा पुसला की सगळे संपे. दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती पुन्हा पाठ्यपुस्तक येई आणि त्यातली वाक्ये त्यांच्या जगण्यापासून फार लांबची असत.

१९२४ मध्ये फ्रेने यांनी एक लहान हातछापखाना मिळवला. शाळेत छापखाना आणणारे ते पहिले नव्हते. त्यांच्या आधीही काही ठिकाणी तो होता. फ्रेने यांनी त्याला रोजच्या वाचन-लेखनाच्या केंद्रस्थानी आणले, हे वेगळेपण. पद्धत साधी होती. मुले आपल्या मनाने मजकूर लिहीत, वर्गात वाचून दाखवत. छापण्यासाठी कोणता घ्यायचा, हे मुले मत देऊन ठरवत. निवडलेला मजकूर फळ्यावर लिहून सगळे मिळून तो नीट करत. मग गटागटाने खिळे जुळवायचे, शाई लावायची, कागद दाबायचा आणि छापलेले पान वाळत घालायचे.

खिळे जुळवताना एकेक अक्षर हाताने उचलावे लागते, तेही उलटे. एक अक्षर चुकले की छापलेल्या प्रत्येक प्रतीत ती चूक दिसते. त्यामुळे शुद्धलेखनासाठी छडीची गरज उरत नसे. आपले नाव आणि आपले वाक्य छापून आलेले पाहिले की लिहिण्याची ओढ लागे. ही सगळी पाने एकत्र बांधून वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होई. फ्रेने याला 'पद्धती' म्हणण्यापेक्षा 'तंत्रे' म्हणणे पसंत करत. हत्यार बदलले की काम बदलते, असा त्यांचा रोख होता.

दोन गावांची पत्रमैत्री कशी जुळली?

छापलेल्या पानांच्या जास्तीच्या प्रती निघत. त्या कोण वाचणार? आईवडिलांना आणि गावाला गावच्या गोष्टी ठाऊकच होत्या. याचे उत्तर १९२६ मध्ये मिळाले. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँक येथील शिक्षक रने दानिएल यांनीही वर्गात छपाई सुरू केली आणि दोन्ही शाळा आपली पाने एकमेकींना नियमितपणे पाठवू लागल्या.

दोन्ही गावे एकाच देशातली, पण अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. बार-सुर-लू डोंगरउतारावर, कडू संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध. तिथली फुले जवळच्या ग्रास शहरातील अत्तराच्या कारखान्यांना जात. त्रेगँक अटलांटिकच्या काठावर, शेती आणि मासेमारीवर जगणारे. तिथे घरोघर ब्रेटन भाषा बोलली जाई. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम जाणवते, तर ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पाणी दूरवर मागे सरते. एका गावातली रोजची गोष्ट दुसऱ्या गावात नवलाची होती.

या पत्रव्यवहाराचे शैक्षणिक मर्म इथेच आहे. ज्याला सगळे माहीत आहे, त्याला सांगताना मूल दोन शब्दांत उरकते. ज्याने संत्र्याची बाग पाहिलेली नाही, त्याला सांगायचे तर झाड किती उंच, फुले कधी येतात, तोडणी कोण करते, भाव काय मिळतो, हे सगळे नीट पाहावे, मोजावे, घरच्या मोठ्यांना विचारावे लागते. म्हणजे परगावच्या मुलासाठी लिहिता लिहिता मूल आपलेच गाव नव्याने ओळखू लागते. भाषा, भूगोल आणि गणित एकाच कामात येतात. उत्तर येणार याची खात्री असल्याने लिहिण्याला अर्थ असतो आणि आलेले उत्तर समजून घ्यायचे असल्याने वाचण्यालाही.

पुढे या व्यवस्थेला शिस्त आली. दोन वर्गांची जोडी लावायची. जमेल तिथे प्रत्येक मुलाला तिकडचा एक सोबती द्यायचा. वैयक्तिक पत्रांबरोबर सबंध वर्गाने मिळून केलेले लेखनही पाठवायचे. शिवाय दर महिन्याची पाने एकत्र करून शाळेचे नियतकालिक काढायचे आणि ते इतर अनेक शाळांना धाडायचे.

हे जाळे किती पसरले?

ऑगस्ट १९२७ मध्ये तूर शहरात शाळेत छपाई करणाऱ्या शिक्षकांची पहिली परिषद भरली. त्याच सुमारास 'ला जेर्ब' हे मुलांचे नियतकालिक सुरू झाले. या शब्दाचा अर्थ धान्याची पेंढी. वेगवेगळ्या शाळांतून आलेले मजकूर एकत्र बांधायचे, म्हणून हे नाव. त्यानंतर शिक्षकांची सहकारी संस्था उभी राहिली. छपाईचे साहित्य, अभ्यासपत्रिका आणि नियतकालिके तिच्यामार्फत पुरवली जाऊ लागली. १९३२ पासून मुलांना स्वतः वाचून माहिती मिळवता यावी म्हणून छोट्या पुस्तिकांची मालिका निघू लागली.

यातले बहुतेक शिक्षक खेड्यातल्या एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळांतले होते. त्यांच्यासाठी हे जाळे मुलांइतकेच स्वतःच्या शिक्षणाचे साधन ठरले. भाषेची अडचण ओलांडण्यासाठी चळवळीतील काही शिक्षकांनी एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचा आधार घेतला आणि परदेशी शाळांशी पत्रव्यवहार सुरू झाला.

या वाटचालीत एलिझ लाग्ये-ब्रुनो यांचा वाटा मोठा आहे. शिक्षिका आणि चित्रकार असलेल्या एलिझ यांच्याशी फ्रेने यांचा १९२६ मध्ये विवाह झाला. मुलांच्या चित्रांना शाळेत मानाचे स्थान देण्याचे काम प्रामुख्याने त्यांचे. चळवळीचा इतिहासही पुढे त्यांनीच लिहून ठेवला.

मुलाच्या स्वप्नामुळे नोकरी कशी गेली?

१९२८ मध्ये फ्रेने दाम्पत्य सँ-पोल या गावी गेले. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, स्वच्छतागृहांची दैना. गरीब मुलांना साहित्य मोफत मिळावे आणि शाळेची दुरुस्ती व्हावी, यासाठी फ्रेने नगरपालिकेकडे पाठपुरावा करत राहिले. ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते आणि १९२५ मध्ये शिक्षक संघटनांच्या शिष्टमंडळाबरोबर सोव्हिएत रशियाही पाहून आले होते. गावातील प्रतिष्ठितांना ते खुपत होते.

निमित्त मिळाले ते एका विद्यार्थ्याच्या मजकुराचे. मुलाने आपले स्वप्न लिहिले होते : वर्ग महापौराविरुद्ध बंड करतो आणि महापौर मारला जातो. मुलाच्या मनातला राग स्वप्नात उतरला होता आणि वर्गाने तो छापला होता. डिसेंबर १९३२ मध्ये हा मजकूर भित्तिपत्रकांवर छापून रातोरात गावभर लावण्यात आला. हा शिक्षक मुलांना खून शिकवतो, असा प्रचार सुरू झाला. पॅरिसमधील उजव्या विचारांच्या वृत्तपत्रांनी आणि लेखक शार्ल मोरास यांनी प्रकरण देशभर गाजवले. काही पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. एप्रिल १९३३ मध्ये शाळेवर जमाव चालून आला. त्याच वर्षी सरकारने फ्रेने यांची तेथून बदली केली. ते पुन्हा सरकारी शाळेत शिकवायला उभे राहिले नाहीत.

या प्रकरणातून एक गोष्ट उघड झाली. वहीतले लिखाण शिक्षकाच्या टेबलावर संपते. छापलेले लिखाण गावाबाहेर जाते आणि मुलाचेही म्हणणे असू शकते हे सर्वांना मान्य करावे लागते. ते मान्य नसणाऱ्यांनी रोख शिक्षकावर धरला.

फ्रेने यांनी जवळच्याच वाँस गावाबाहेर, एका टेकडीवर स्वतःची शाळा बांधायला घेतली. बांधकामात सहकारी आणि मुलांचेही हात लागले. १९३५ मध्ये ती सुरू झाली. सरकारी मान्यता अडवली गेली. १९३६ मध्ये 'पॉप्युलर फ्रंट'चे सरकार आल्यावर विरोध मावळला. स्पेनमधील यादवी युद्धात घरदार सुटलेल्या मुलांना या शाळेने आसरा दिला.

स्पेनमध्ये काय घडले?

स्पेनमध्ये हे तंत्र १९३० च्या सुमारास पोहोचले. शिक्षण निरीक्षक एर्मिनिओ आल्मेंद्रोस यांनी त्यावर १९३२ मध्ये पुस्तक लिहिले. प्रजासत्ताकाच्या काळात अनेक तरुण शिक्षकांनी वर्गात छापखाने आणले.

त्यांतले एक आंतोनी बेनायजेस. हे कातालोनियाच्या किनारपट्टीवरचे. १९३४ मध्ये त्यांची नेमणूक बुर्गोस प्रांतातील बान्युएलोस दे बुरेबा या आडगावी झाली. पदरचे पैसे घालून त्यांनी मुलांसाठी छापखाना आणला. जानेवारी १९३६ मध्ये मुलांनी एक छोटी पुस्तिका छापली. विषय होता समुद्र. मुलांपैकी कोणीही तो पाहिलेला नव्हता. समुद्र कसा असेल, किती खोल असेल, हे त्यांनी कल्पनेने लिहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हाला समुद्र दाखवायला नेईन, असा शब्द शिक्षकाने दिला होता.

जुलै १९३६ मध्ये लष्करी बंड झाले. बेनायजेस यांना पकडण्यात आले आणि महिना संपण्यापूर्वीच ठार करण्यात आले. मुलांची सहल राहून गेली. दशकानुदशके ही हकिकत दबून राहिली. २०१० मध्ये ला पेद्राहा येथील सामूहिक दफनभूमी उकरण्यात आली, तेव्हा ती पुन्हा लोकांसमोर आली. २०२३ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

युद्धकाळात फ्रेने कुठे होते?

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रान्समध्ये कम्युनिस्टांची धरपकड झाली. मार्च १९४० मध्ये फ्रेने यांना अटक झाली. छातीचे दुखणे घेऊन त्यांनी दीड वर्षाहून अधिक काळ एकामागून एक नजरबंदी छावण्यांत काढला. संदर्भग्रंथ नसताना, जवळ असलेल्या कागदांवर त्यांनी शिक्षण आणि बालमानसशास्त्रावरील आपले महत्त्वाचे लेखन तिथेच सुरू केले. कामातून शिक्षण हा त्या लेखनाचा गाभा होता. १९४१ च्या अखेरीस सुटका झाली, पण पाळत राहिली. पुढे ते नाझीविरोधी प्रतिकार चळवळीत सामील झाले.

पत्रे अटलांटिकपार कशी गेली?

स्पेनमध्ये फ्रँकोची सत्ता आल्यावर अनेक शिक्षकांना देश सोडावा लागला. सामान फारसे नव्हते, पण तंत्र डोक्यात होते. पात्रिसिओ रेदोंदो यांनी १९४० मध्ये मेक्सिकोतील सान आंद्रेस तुक्स्तला या गावी फ्रेने यांच्या नावाने शाळा सुरू केली. आल्मेंद्रोस क्युबात गेले आणि तिथे शिक्षण व बालसाहित्यात काम करत राहिले. ज्या हुकूमशाहीने हे छापखाने बंद पाडले, तिच्यामुळेच ते दुसऱ्या खंडात पोहोचले.

युद्धानंतर फ्रान्समध्ये १९४७ मध्ये फ्रेने यांनी 'आधुनिक शाळे'ची सहकारी संस्था स्थापन केली. इटलीत १९५१ मध्ये शिक्षकांनी तशीच सहकारी चळवळ उभारली. १९५७ मध्ये नाँत येथे या सर्व देशांतील चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुढे आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि जपानपर्यंत त्याचे धागे गेले.

इटलीतील एका धाग्याचा मराठी वाचकांशीही संबंध येतो. या चळवळीतील शिक्षक मारिओ लोदी १९६३ मध्ये बार्बियाना या डोंगरी वस्तीत शाळा चालवणारे धर्मगुरू लोरेंझो मिलानी यांना भेटले. दोघांच्या विद्यार्थ्यांमध्ये पत्रव्यवहार सुरू झाला. उत्तर लिहिता लिहिता बार्बियानाची मुले सामूहिक लेखन शिकली. त्याच रीतीने त्यांनी १९६७ मध्ये, शाळेतून गरीब मुलांना गळायला लावणाऱ्या व्यवस्थेवर, एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने वाचले जाते.

टीका कोणती झाली?

फ्रेने यांच्यावर उजव्यांनी टीका केली तशी डाव्यांनीही. १९५० च्या सुमारास खुद्द कम्युनिस्ट पक्षाच्या नियतकालिकातून त्यांच्यावर हल्ला झाला. मुलाच्या अनुभवात रमल्याने पद्धतशीर ज्ञान आणि शिक्षकाची भूमिका दुय्यम ठरते, असा आक्षेप होता. फ्रेने पक्षापासून दूर झाले. सहकाऱ्यांशीही त्यांचे खटके उडत. शहरातील मोठ्या शाळांमध्ये काम करणाऱ्या शिक्षकांना खेड्यातील तंत्रे जशीच्या तशी लागू पडत नव्हती. त्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमधील एक गट फुटून निघाला.

आक्षेपात तथ्य होते. संत्र्याच्या बागेवर लिहिताना भूगोल येतो, पण सगळा भूगोल त्यातून येत नाही. म्हणून तर फ्रेने यांना पुस्तिका, अभ्यासपत्रिका आणि मुलांनी स्वतःच तपासायच्या स्वाध्यायपत्रिका तयार कराव्या लागल्या. पत्रव्यवहार म्हणजे शिकण्याची भूक. जेवणाची तयारी शिक्षकाला वेगळी करावीच लागे.

आज त्यांचे काय उरले?

८ ऑक्टोबर १९६६ रोजी वाँस येथे फ्रेने यांचे निधन झाले. त्यांना गार या जन्मगावी दफन करण्यात आले. ज्या शाळेला एके काळी मान्यता नाकारली जात होती, ती १९९१ मध्ये फ्रान्स सरकारने विकत घेतली.

छापखान्याची जागा आधी सायक्लोस्टाइल यंत्राने आणि मग संगणकाने घेतली. १९८५ मध्ये अमेरिका, प्वेर्तो रिको आणि मेक्सिकोतील शाळांना संगणकाद्वारे जोडणारा 'दे ओरिया आ ओरिया' हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या आखणीमागे फ्रेने यांच्या वर्गजोडीचाच विचार होता.

जोडणी आता फुकट आणि क्षणात होते. तरीही दोन देशांतील वर्ग एकदा पडद्यावर हात हलवतात, फोटो काढतात आणि विषय संपतो, असे अनेकदा घडते. फ्रेने यांच्या मुलांकडे वेग नव्हता. पान छापायला दिवस लागे, पोहोचायला आणखी काही दिवस, उत्तरासाठी पुन्हा वाट. त्या संथपणात मुलाला विचार करायला, तपासायला आणि दुरुस्त करायला वेळ मिळे. एखाद्या शाळेला आज असा उपक्रम करायचा असेल, तर यंत्र कोणते घ्यायचे हा प्रश्न नंतरचा. आपल्या मुलांनी लिहिलेले मनापासून वाचून उत्तर देणारा दुसरा वर्ग वर्षभरासाठी शोधायचा, हे काम पहिले.